वाळत घातलेले मतदार

टोकियोतल्या निशी-कसाईच्या आमच्या वसाहतीत राहायला आलो त्याच आठवड्यात बायकोने मला सांगितलं, की खाली मुलांच्या मैदानात एक म्हातारा रोज सकाळी मान वर करून उभा असतो आणि गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे बघत राहतो. म्हातारा आपल्याकडचा दिसतो, असंही ती म्हणाली. तिला तेच जास्त लागलं होतं.

रविवारी मी खाली गेलो. पांढरा सदरा, त्यावर बिनबाह्यांचं लोकरी जाकीट, डोक्यावर कापडी टोपी. हात पाठीमागे बांधलेले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच मराठीत विचारलं, “चौथा मजला, डावीकडून तिसरं दार ना तुमचं?” मी हो म्हटलं. “चार माणसं. मुलगी मोठी, पोहायला जाते. मुलगा लहान. त्याची गादी रोज कठड्यावर असते. काळजी करू नका, पाचव्या वर्षापर्यंत चालतं.”

मी सामानाच्या यादीत नसलेली वस्तू सापडल्यासारखा उभा राहिलो. व्यापारी कंपनीच्या हिशेब खात्यात माझी वीस वर्षं गेली आहेत; कुणी आकडा बरोबर सांगितला की मला त्या माणसावर रागावता येत नाही. मी काय काम करतो ते विचारून घेतल्यावर त्यांनी मला जे नाव दिलं ते कायमचं चिकटलं. “अहो हिशेबनीस” अशी हाक खालून आली की चौथ्या मजल्यावरची माझी मुलंसुद्धा हसायची.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. जपानी शेजारी सेन्सेई म्हणत. म्हणजे गुरुजी.

कपडे बघण्यावरून त्यांच्याविषयी स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत एकदा तक्रार गेली होती, ही गोष्ट मला पुढे कळली. तरुण पोलीस सायकलवरून आला. काकांनी त्याला बाकावर बसवलं आणि समोरची इमारत मजल्यामजल्याने समजावून सांगितली. इथे एकच टॉवेल आणि एकच पायमोजांचा जोड, म्हणजे एकटी बाई. इथे परवापर्यंत शाळेचा गणवेश होता, आता नाही, म्हणजे मुलगी कॉलेजला बाहेरगावी गेली. इथे तीन दिवस तोच शर्ट तसाच आहे, इथे मात्र तुम्ही आता जाऊन दार वाजवा. पोलिसाने जाऊन दार वाजवलं. आतले गृहस्थ स्नानघरात पडून पाय मोडून घेतलेले सापडले. त्यानंतर तक्रार आली नाही.

काकांची नोकरी टोकियोबाहेरच्या त्सुकुबात झाली होती, एका संशोधन संस्थेत. लोकसंख्येचे अंदाज बांधायचे. कोणत्या गावात किती शाळा लागतील हे काढायला त्यांना सांगत, आणि पुढे पुढे किती शाळा बंद कराव्या लागतील हे. काकू गेल्यावर आणि निवृत्ती झाल्यावर ते निशी-कसाईला आले. त्सुकुबा का सोडलंत, असं कुणी विचारलं की सांगत, “तिथे माणसं सायकलवरून भरकन निघून जातात, मोजायला सापडत नाहीत. इथे लिफ्टसाठी थांबतात.” खरं कारण बहुधा असं, की इथे ज्वारीचं पीठ मिळतं आणि मराठी बोलायला मिळतं. पण खरं कारण विचारायचं नाही एवढं आम्हाला कळत होतं.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर, ते सदरा रोज हाताने धुवायचे. धुण्याच्या यंत्रावर विश्वास नाही म्हणायचे. सांगलीच्या शिंप्याकडून शिवून आणलेले सहाच सदरे होते आणि रोज सकाळी त्यांतला एक त्यांच्या गॅलरीत फडफडायचा. कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, ते काही न घेता फळ्या बघत फिरायचे आणि दुकानदाराला सांगायचे, एका माणसापुरत्या भाजीची पाकिटं वाढवलीत, बरोबर केलंत. कुणी बाळंत झालं की आमच्या आधी त्यांना कळे, कारण दांडीवरचे चिमटे लहान झालेले असत.

आणि दर चार वर्षांनी एक बुधवार त्यांचा असे.

अमेरिकेत अध्यक्ष निवडायचं मतदान मंगळवारी होतं. निकाल यायला लागतात तेव्हा आपल्याकडे टोकियोत बुधवारची सकाळ उजाडलेली असते. त्या दिवशी काकांच्या घरी साबुदाण्याची खिचडी असायची आणि बोलावणं आम्हा चारपाच घरांना. पहिल्यांदा मी रजा टाकून गेलो तेव्हा टीव्ही चालू होता, आवाज मात्र बंद. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला अमेरिकेचा नकाशा, बाजूला रंगीत खडू. आवाज का बंद, विचारलं तर म्हणाले, “ते लोक, कोण का जिंकलं ते सांगतायत. अजून मोजणी सुरू आहे.”

मी विचारलं, “काका, तुम्हाला कोण यायला हवंय?”

“मला बरोबर यायला हवंय.”

अमेरिकेत त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. हे ते अभिमानाने सांगायचे. सांगलीच्या मतदार यादीतून त्यांचं नाव कधीच गळलेलं होतं. जपानमध्ये कायमचा परवाना असला तरी परक्याला मत नाही. तीन देशांच्या निवडणुका तोंडपाठ आणि मत कुठेच नाही, अशी त्यांची स्थिती होती. मंदार म्हणून आमच्यातला एक कोथरूडचा मुलगा आहे, बँकेच्या संगणक विभागात मोठ्या हुद्द्यावर. तो एकदा म्हणाला, “काका म्हणजे सगळ्यांच्या लग्नाला जाणारा ब्रह्मचारी.” काका म्हणाले, “म्हणूनच मला पंगतीत कोण कोणाशेजारी बसलंय ते दिसतं.”

त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: मत बदलत नाही, मतदार बदलतो. एखादं राज्य इतकी वर्षं एका पक्षाचं होतं आणि आता दुसऱ्याचं झालं, की लोक म्हणतात जनतेचं मन पालटलं. काका म्हणत, जनतेचं मन कुठेही गेलेलं नाही. म्हातारे वारले, मुलं अठराची झाली, कारखाना बंद पडला म्हणून काही घरं उठून दुसऱ्या राज्यात गेली, बाहेरून आलेल्यांना नागरिकत्व मिळालं. आणि तिथे अध्यक्ष एकूण मतांच्या बेरजेवर ठरत नाही, राज्याराज्यावर ठरतो, त्यामुळे एखाद्या अटीतटीच्या राज्यात थोडी घरं इकडची तिकडे झाली तरी सगळा देश कलतो. मग ते काकूंच्या वेळची लोणच्याची बरणी पुढे ओढायचे.

“हे बघा. तुम्ही म्हणता लोणच्याची चव बदलली. फोड एकही बदललेली नाही. खालच्या जुन्या खाल्ल्या गेल्या, वर नव्या घातल्या.”

बरीच वर्षं हे चाललं. अंदाज बहुतेक बरोबर यायचे. चुकले तर थोडक्यात, आणि त्या चुकीचं कारण ते पुढच्या चार वर्षांत शोधून काढत. एका बुधवारी मात्र चांगलेच चुकले. दक्षिणेकडच्या काही भागांत स्पॅनिश बोलणारी घरं वाढत होती. ती वाढली की मतं कुठे जाणार हे काकांनी नकाशावर आधीच रंगवून ठेवलं होतं. घरं त्यांनी म्हटली तेवढीच वाढली होती. मतं तशी पडली नाहीत. दुपारपर्यंत खिचडी गार झाली तरी ते खडू हातात धरून बसले होते. बरणीकडे बघत म्हणाले, “फोडी मोजल्या होत्या मी. बरोबर मोजल्या होत्या.”

माझी बायको ताटल्या उचलत होती. ती म्हणाली, “काका, पण फोड मुरते ना.”

काकांनी खडू खाली ठेवला. “वहिनी,” ते म्हणाले, “हा मुद्दा माझ्या संस्थेत तीस वर्षांत कुणी काढला नाही.” आणि आवाज लावला. त्या टीव्हीचा आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला.

आता आमच्या वसाहतीच्या अध्यक्षांबद्दल सांगायला हवं, कारण काकांची आठवण त्यांच्यावाचून पुरी होत नाही.

जपानमध्ये अशा प्रत्येक जुन्या वसाहतीला रहिवाशांचं मंडळ असतं. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष एक ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या बाई होत्या, काकांहून दोनतीन वर्षांनी मोठ्या. जपानीत अध्यक्षाला काइचो म्हणतात, म्हणून सगळे त्यांना काइचो-सान म्हणत; त्यांचं खरं नाव मला दारावरच्या पाटीवरून कळलं. नवीन भारतीय कुटुंब आलं की तिसऱ्या दिवशी त्या कचऱ्याच्या जागी त्या घरातल्या बाईची वाट बघत उभ्या असायच्या. रागवायला नाही. पिशवी उघडायची, बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी, वेष्टण वेगळं, असं एकेक हाताने करून दाखवायचं. एक शब्द इंग्रजी येत नव्हता. माझी बायको जे जपानी बोलते त्यातलं निम्मं कचऱ्याजवळ शिकली आहे.

काइचो-सानची एक प्रथा होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या एक पिवळं फडकं देत. सकाळी उठलं की ते दाराच्या मुठीला बांधायचं, संध्याकाळी सोडून आत घ्यायचं. म्हणजे आज मी उठलो, बरा आहे. नऊच्या सुमारास त्या सगळ्या मजल्यांवरून चालत जात आणि जिथे फडकं नसेल तिथे घंटी वाजवत. घंटी वाजवून झालं तरी लगेच हलत नसत. आतून आलेल्या माणसाशी हवापाण्याचं बोलून मग पुढे.

काका एकटेच राहत होते. त्यांनाही फडकं देऊ केलं होतं. त्यांनी घेतलं नाही. “मोजणारा स्वतःला मोजत नसतो,” असं कारण दिलं. मला वाटतं त्यांना म्हातारा म्हणवून घ्यायचं नव्हतं. पण ते हे नेहमीच म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं. वसाहतीचा तक्ता त्यांनी मला तपासायला दिला की बेरीज एकने कमी भरायची. मी दाखवून द्यायचो. ते म्हणायचे, ते एक दार माझं.

मंडळाचं अध्यक्षपद कुणाला नकोच असतं. दरवर्षीच्या सभेत काइचो-सानचं नाव वाचायचे आणि लोक टाळ्या वाजवून मोकळे व्हायचे. एका वर्षी मंदारने अर्ज भरला. वसाहतीत प्रथमच निवडणूक लागली.

मंदार मुलगा चांगला आहे. त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. वसाहतीतली निम्म्याहून जास्त दारं आता आपली आहेत, मग सूचना फक्त जपानीत का? हॉल शनिवारी रिकामा असतो, तो मुलांच्या वर्गांना का मिळू नये? आणि पिवळ्या फडक्यांच्या जागी फोनवर एक बटण. म्हाताऱ्यांनी सकाळी दाबलं की नोंद झाली. दाबलं नाही तर आपोआप फोन जाईल. एवढ्या मजल्यांवरून एका वाकलेल्या बाईने रोज का फिरायचं?

ही शेवटची सूचना काइचो-सानना कुणीतरी समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, छान आहे, दमणार नाही कुणी. त्यानंतर दोन दिवस त्यांची फेरी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली. प्रत्येक दाराशी त्या थांबत होत्या, फडकं असलेल्या दारांशीसुद्धा.

मंदारने काकांना अंदाज विचारला. काका त्या सकाळी मैदानात गेले आणि नेहमीसारखे मान वर करून उभे राहिले. मत माणशी नव्हतं, दाराला एक होतं. तेव्हा दारंच मोजायची. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, मंदार सातने येतो. मंदारने ते लगेच व्हॉट्सॲपच्या गटात टाकलं. काकांचा अंदाज म्हणजे निकालच, असं तिथे सगळे म्हणाले आणि अभिनंदनंही सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी काका तक्ता घेऊन माझ्याकडे आले. ते कधी चौथ्या मजल्यावर येत नसत. खालून हाक मारत.

“हिशेबनीस, चूक काढा माझी.”

मी सगळ्या गॅलऱ्या त्यांच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. आपली दारं, जपानी म्हाताऱ्यांची दारं, चारदोन चिनी आणि नेपाळी. सगळं जुळलं. मी म्हटलं, अगदी बरोबर आहे. असं मी त्यांना सांगितलं की ते नेहमी खूश व्हायचे. त्या दिवशी त्यांनी तक्ता घडी करून खिशात घातला आणि चहाही न घेता निघाले. दोन दिवसांनी पुन्हा आले. पुन्हा बघा म्हणाले, कुठेतरी असेल. मी पुन्हा पाहिलं. फक्त नेहमीची एकची तूट होती.

ते गेल्यावर बायको म्हणाली, “तुला काय वाटतं, त्यांना बरोबर यायचंय?”

मग माझ्या लक्षात आलं. ज्या माणसाला जन्मभर बरोबर यायचं होतं तो माझ्याकडे चूक मागायला येत होता. मी त्याला दोनदा शाबासकी देऊन परत पाठवला होता.

मी खाली जाऊन त्यांना म्हटलं, की काका, तुम्हाला काइचो-सान हव्या असतील तर तसं लोकांना सांगा, तुमचं लोक ऐकतील. ते बाकावर बसले होते. म्हणाले, “ज्याने अंदाज सांगितला त्याने प्रचार करायचा नसतो. मग माझ्या कुठल्याच आकड्यावर कोण विश्वास ठेवील?”

“पण या निवडणुकीत तुम्हाला मत आहे. दाराला एक.”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नंतर म्हणाले, “शेवटचं मत मी सांगलीला दिलं तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. ज्याला दिलं तो पडला.”

सभा रविवारी सकाळी होती. त्याच सकाळी अराकावा नदीच्या काठच्या मैदानावर आपल्या मुलांच्या क्रिकेट स्पर्धेचा शेवटचा सामना लागला. ते मैदान सोडतीने मिळतं, नाकारलं तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. मंदारने गटात लिहिलं, हरकत नाही, मत दाराला आहे, घरातलं कुणीही एक आलं तरी चालेल. हिशेबाने ते बरोबरच होतं. मीही वाचून मान डोलावली होती. मी क्रिकेट खेळत नाही, म्हणून मी आणि बायको दोघंही गेलो.

हॉलच्या दाराशी काका उभे होते. हात मोजायला एक जपानी गृहस्थ आणि काका, असे दोघे नेमले होते. वसाहतीत त्यांच्यासारखा विश्वासू मोजणारा दुसरा नव्हता. मला वाटलं ते आत जायला कचरतायत. पण ते खाली बघत होते. हॉलमध्ये जाताना चपला-बूट बाहेर काढून ठेवतात. ते त्या चपला बघत होते. म्हाताऱ्यांच्या पट्ट्याच्या मऊ बुटांच्या रांगा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला, पार जिन्यापर्यंत, बायकांच्या चपला. कोल्हापुरी, रबरी, शाळेत मुलांना सोडायला जातानाच्या.

“हिशेबनीस,” ते हळूच म्हणाले, “गेलं आपलं गणित.” इतक्या आनंदाने गणित चुकल्याचं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आत सगळे जमिनीवर बसले. मंदार पुढे, क्रिकेटच्याच कपड्यांत. मत झालं की धावत जाणार होता. आधी त्याच्या नावाने हात वर करायला सांगितले. मी माझा हात उचलला. सूचना इंग्रजीत याव्यात असं मलाही वाटत होतं, आणि अंदाज बरोबर ठरावा असंही थोडं वाटत होतं. बायकोने मनगट धरून तो खाली आणला.

“घराचं मत एकच आहे,” ती म्हणाली, “आणि कचरा मी टाकते.”

मग काइचो-सानचं नाव घेतलं. आधी म्हाताऱ्यांचे हात वर गेले, त्यांचे खांद्याच्या वर फारसे जात नाहीत. मग माझ्या बायकोचा. मग पुढच्या बाईचा, जिच्या मुलाला काइचो-सान पहिले सहा महिने शाळेच्या फाटकापर्यंत सोडत होत्या. मग मागे सगळीकडे बांगड्यांचा आवाज. काइचो-सान मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही, त्यांना कुणी तरी कोपराने ढोसलं तेव्हा पाहिलं.

काका आणि ते जपानी गृहस्थ रांगांमधून मोजत गेले. दोघांचे आकडे जुळले. काइचो-सान मोठ्या फरकाने आल्या होत्या. जाहीर करण्यापूर्वी त्या गृहस्थांनी हातातल्या कागदावर पाहिलं आणि अतिशय अदबीने विचारलं, “सेन्सेई, एक दार कमी भरतंय.”

मला हसू आलं. काका नेहमीचं उत्तर देतील असं वाटलं. निकाल लागलेला होता, त्यांच्या हाताने काही बदलणार नव्हतं. पण काइचो-सानकडे न बघता त्यांनी उजवा हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ, कानाला चिकटवून. गृहस्थांनी कागदावर एक वाढवला.

मंदारने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, हे नमूद करायला हवं. काइचो-साननी त्याला त्याच दुपारी उपाध्यक्ष केलं. सूचना आता दोन भाषांत येतात आणि शनिवारी हॉल मुलांना मिळतो. ज्यांना हवं त्यांच्यासाठी बटणही आहे. फेरी चालू राहिली. सामना मात्र तो हरला, आणि घरी बायकोशी आठवडाभर नीट बोलला नाही. उमेदवार म्हणून त्याने स्वतः हात उचलला नव्हता, घराचं मत तिच्याकडे होतं, आणि तिचाही हात त्या दुसऱ्या वेळी वर गेला होता.

हॉलमधून बाहेर पडताना काका माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, फोडी मुरल्या.” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा ते आणि काइचो-सान मैदानात उभे दिसले. काकांनी मला हाताने थांबवलं. त्यांना साक्षीदार हवा असावा, किंवा धीर. त्यांनी जुन्या धाटणीच्या जपानीत, वाकून, काइचो-सानना सांगितलं की आता मलाही एक पिवळं फडकं द्या.

काइचो-सान हसल्या. म्हणाल्या, “हवं तर देते. पण सेन्सेईंना कशाला? सेन्सेईंचा पांढरा सदरा रोज वाळत असतो ना. मी आधी तो बघते आणि मगच फेरीला निघते.”

“केव्हापासून?” काकांनी विचारलं.

“तुम्ही इथे आल्यापासून.”

मी घड्याळात पाहिलं, गाडी चुकणार होती, तरी हललो नाही. वसाहतीतलं प्रत्येक दार कपड्यांवरून ओळखणारा हा माणूस. तो मान वर करून आमच्या गॅलऱ्या मोजत असताना त्याच्या पाठीमागून कुणीतरी रोज त्याची गॅलरी बघत होतं. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “म्हणजे माझी बेरीज इतकी वर्षं चुकत होती, हिशेबनीस. तुमची बरोबर होती.”

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि धाकट्या भावाने त्यांना सांगलीला नेलं. जायच्या आदल्या दिवशी बरणी माझ्या बायकोला दिली, नकाशा मला. त्यांच्या घरात आता फुनाबोरीहून आलेलं एक जोडपं राहतं. गॅलरीत लहान झबली असतात; चिमटेही लहान आहेत.

गेल्या वेळचा अमेरिकेचा बुधवार आम्ही आमच्या घरी केला. खिचडी बायकोने केली. भिंतीवर तोच नकाशा, टीव्हीचा आवाज बंद. माझी मुलगी आता कॉलेजात आहे, तिने जपानीत विचारलं की आवाज का नाही, आणि धाकट्याने तिला जपानीतच सांगितलं, अजून मोजणी सुरू आहे. सांगलीत अजून पुरतं उजाडलंही नसेल, तेव्हा काकांचा फोन आला. माझ्याकडे आकडे तयार होते. कोणतं राज्य कुठे कलेल, कोणत्या भागात घरं वाढली, सगळं मी पहाटे उठून काढून ठेवलं होतं.

“ते नंतर,” काका म्हणाले. “आधी बाहेर जा. काइचो-सानच्या गॅलरीत काय आहे?”

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. समोरच्या इमारतीत, दुसरा मजला, उजवीकडून पहिलं. मी त्यांना सांगितलं, एक उशीचा अभ्रा, दोन टॉवेल, करड्या पायमोजांचा एक जोड, आणि एक निळा एप्रन.

“ओले आहेत की कालचे?”

मी नीट बघितलं. एप्रनच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. ओले, म्हणालो.

“मग झालं,” काका म्हणाले. “आता सांगा अमेरिकेचं.”